भर पावसातली उघडी बाभळ

आफ्रिकेतल्या एका वाळूच्या नदीकाठी एक साळू राहत असे. वाळूची नदी म्हणजे काय, ते आधी सांगते. वर्षातले चार महिने तिला पाणी असतं आणि आठ महिने नुसती वाळू. पाणी तेव्हाही असतं, पण खोल खाली. वरून कुणाला दिसत नाही. आणि साळू म्हणजे अंगभर काळ्या-पांढऱ्या काट्यांचा, कुत्र्याएवढा प्राणी. आपल्या या साळूचा स्वभावही अंगासारखाच होता. गोड बोलणं तिला जमत नसे. कुणी "काय साळूबाई, बरं आहे ना?" असं विचारलं, तर ती म्हणायची, "बरं नसतं तर तू काय करणार होतास?" मला ती आवडते, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी तिची बाजू घेतली तर तुम्ही तक्रार करायची नाही.

त्या काठावर झाडं पुष्कळ होती, पण उन्हाळा आला की एकूण एक झाड पानं गाळून उभं राही. सावली म्हणून मिळत नसे. वाळू अशी तापे की हरणंसुद्धा पाय उचलून उचलून चालत. एका उन्हाळ्यात साळूचं बीळ आतपर्यंत तापलं आणि तिचं धाकटं पिल्लू त्या उष्म्याने गेलं. साळू तीन दिवस बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी शेजारच्या रानडुकरिणीला एवढंच म्हणाली, "इथे उन्हाळ्यात सावली पाहिजे. मी ती आणणार."

"कुठून आणणार?" रानडुकरीण म्हणाली. "सावली काय कंद आहे उकरून काढायला?"

त्याच सुमाराला दूरच्या मुलखातून एक म्हातारी हत्तीण त्या वाटेने चालली होती. ती थकून नदीत उभी राहिली तेव्हा साळूने विचारलं, "आजी, तुमच्या मुलखात उन्हाळ्यात सावली देणारं झाड आहे का?"

"आहे की," हत्तीण म्हणाली. "आमच्या नदीकाठी बाभळीची एक जात आहे. फांद्या पांढुरक्या आणि नागमोडी. काटे सरळ, पांढरे, नेहमी जोडीने. आकड्यासारखे वळलेले काटे दिसले तर समज, ती ती नव्हे. शेंग नारिंगी, सोललेल्या सालीसारखी गुंडाळलेली. भर उन्हाळ्यात आम्ही तिच्याखाली उभे राहतो आणि शेंगा खातो. निघताना पोटभर खाल्ल्या होत्या मी. मागे जाऊन बघ, मिळेल तुला बी."

मागे म्हणजे कुठे, ते तुम्हाला कळलं असेल. नाक मुरडू नका. साळूने मुरडलं नाही. तिने हत्तिणीची लीद नखांनी उसकटली आणि त्यातून तपकिरी, चकचकीत, दगडासारख्या कडक बिया वेचल्या. सगळ्या मिळून पाच निघाल्या.

आता पेरणी. साळूने आयुष्यभर मुळं आणि कंद उकरले होते, त्यामुळे जमिनीच्या वरचं तिला फारसं कळत नसलं तरी खालचं सगळं कळत होतं. एवढ्या कडक सालीतून अंकुर बाहेर येणार नाही, हे तिने ओळखलं. मग तिने प्रत्येक बीची साल एका कडेला दातांनी जराशी कुरतडली आणि बिया ओल्या वाळूत दाबून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीन टम्म फुगल्या होत्या. आपल्या बिळापासून पाच पावलांवर, जिथे खोल उकरलं की वाळू गार लागत होती, तिथे तिने त्या नखभर खोलीवर पेरल्या. भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. कुंपणात थोडे स्वतःच्या अंगाचे गळलेले काटेही खोवले, सशांना नीट समज यावी म्हणून.

रोपं चार उगवली. बिया तीन आणि रोपं चार, हे बघून रानडुकरीण खूश झाली. साळू मात्र रोज नाक लावून एकेक रोप तपासू लागली. दोन रोपांचे काटे आकड्यासारखे वळले, तेव्हा तिने ती उपटून टाकली. ती तिथलीच, कुठूनतरी आलेली होती. एक रोप किड्याने खाल्लं. उरलं एकच. त्याची फांदी नागमोडी होती आणि प्रत्येक वळणावर दोन सरळ पांढरे काटे होते.

"हिला पाण्याजवळ हलवू या का?" रानडुकरिणीने विचारलं. "इथे उगाच वाळूत तडफडतेय."

"हात लावू नकोस," साळू म्हणाली. "वर बोटभर दिसतेय, पण खाली मुळी हातभर गेलीय. ती तुटली की संपलं. पाण्याजवळ तिची ती जाईल."

सहा वर्षं बाभळ वाढली. उन्हाळ्यात तिची पानं इतर झाडांसारखीच विरळ होत, पावसात पुन्हा येत. सावली म्हणावी अशी काही नव्हती. साळू वाट बघत राहिली. आणि सातव्या वर्षी, पाऊस चांगला लागल्यावर, सगळं रान हिरवंगार झालेलं असताना बाभळीने एकेक करून आपली सगळी पानं गाळून टाकली.

साळू घाबरली. हे मी लपवणार नाही. शूर लोक घाबरत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याने शूर माणूस पाहिलेला नाही. हत्तीण आजी याबद्दल काहीच बोलली नव्हती, आणि आता ती कुठे असेल कोण जाणे. साळूने बाभळीच्या बुंध्याशी हळूहळू उकरायला सुरुवात केली. मुळीला धक्का न लावता ती कडेकडेने खाली गेली, आणखी खाली गेली, पार आपल्या बिळाच्याही खाली गेली. तिथे मुळी पाण्याला टेकली होती. तिने नखाने मुळीची साल जराशी खरवडली. आत पांढरंशुभ्र आणि ओलं होतं. नाकाला गोडसर वास आला.

साळू मातीने माखून वर आली आणि रानडुकरिणीला म्हणाली, "मेलेली नाही गं! तिची मुळी पाण्याला लागलीय. आता तिला पावसाची गरज नाही, म्हणून ती पावसात झोपलीय. ही बया कुणाची मिंधी नाही!"

रानडुकरीण म्हणाली, "ते मला सांगून काय उपयोग? परवा पालवीपाहणी आहे."

पालवीपाहणी ही त्या काठावरची जुनी चाल होती. पूर्वी कधीतरी वादळात एक वठलेलं झाड कोसळलं होतं आणि त्याखाली रेड्याच्या कळपातली दोन रेडकं सापडली होती. तेव्हापासून असं ठरलं की, पाऊस लागून महिना झाला की पंचांनी काठावरून फिरायचं. रेड्याच्या पाठीहून उंच असलेल्या ज्या झाडाला पान नाही, ते मेलेलं समजायचं. रेड्याने शिंगाने त्यावर चिखलाचा पट्टा ओढायचा आणि पावसाळा संपायच्या आत, माती मऊ आहे तोवर, हत्तीने ते पाडायचं. चाल वाईट नव्हती. त्या काठावर पावसात पान नसलेलं झाड खरोखरच मेलेलं असे, आणि इतक्या वर्षांत पंच एकदाही चुकले नव्हते. कधीच न चुकलेल्यांशी बोलणं किती अवघड असतं, ते तुम्हाला मोठे झाल्यावर कळेल.

पाहणीला तीन पंच आले. पुढे रानरेडा, त्याच्यामागे सगळे नियम पाठ असलेलं माकड आणि शेवटी तरणा हत्ती. बाभळीपाशी येऊन माकड म्हणालं, "उंची पुरेशी. पान शून्य. मेलेली."

"जिवंत आहे," साळू म्हणाली. तिने नखाने बुंध्यावर एक ओरखडा काढला. सालीखाली हिरवं दिसलं. "हे बघा. आणि मूळ बघायचं असेल तर खड्डा तयार आहे. उतरा खाली."

माकड म्हणालं, "नियमात पान म्हटलंय. साल नाही, मूळ नाही."

"साळूबाई," रेडा समजावणीच्या सुरात म्हणाला, "आपल्या हातचं झाड गेलं की वाईट वाटतंच. पण रान सगळ्यांचं आहे. उद्या हे कुणाच्या पोरावर पडलं तर?"

"माझं पोर गेलंय," साळू म्हणाली. "झाड पडून नाही गेलं. झाड नव्हतं म्हणून गेलं. मला पोरांचं सांगू नका."

रेड्याने शिंगं चिखलात घातली आणि बाभळीवर पट्टा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती आला. साळूने त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तुमच्या-आमच्यात पाठ फिरवणं म्हणजे पळ काढणं. साळूंमध्ये तसं नसतं. साळू पाठ फिरवते, सगळे काटे उभे करते, शेपूट खुळखुळवते आणि मग उलट्या पावलांनी थेट अंगावर येते. हत्तीची सोंड केवढीही मोठी असली तरी तिचं टोक फार नाजूक असतं. हत्तीने टोक वर उचललं आणि म्हणाला, "बाजूला हो. मला काम करू दे."

"मग कर की. मी कुठे अडवतेय? माझ्या पाठीवरून सोंड ने आणि कर."

हत्ती परत गेला. पंचांनी ठरवलं की साळू हट्ट सोडेपर्यंत तिला कंदांच्या माळावर पाय ठेवता येणार नाही. पावसाळ्यातच कंद भरतात आणि साळू वर्षभराचं खाणं तेव्हाच अंगावर साठवते. तिने ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. हत्ती रोज यायचा. ती रोज पाठ फिरवायची. महिन्याभरात तिचं अंग इतकं उतरलं की काटे तिला मोठे होऊ लागले. नदीला पूर आला, बीळ बुडालं, तरी ती पोटापर्यंतच्या पाण्यात बाभळीला टेकून उभी राहिली. येणारे-जाणारे म्हणायचे, "एका काटकीसाठी जीव देणार वाटतं!" साळू म्हणायची, "माझा आहे, कुठे द्यायचा ते मी बघेन."

रानडुकरीण मात्र येता-जाता तिच्यापाशी अडखळायची आणि तिच्या तोंडातून नेमका एखादा कंद खाली पडायचा. "माझं मेलीचं लक्षच नसतं," असं म्हणून ती पुढे जायची.

एका पहाटे साळूला गुंगी आली. डोळे उघडले तेव्हा हत्तीचं कपाळ बाभळीला टेकलेलं होतं आणि तो सगळा भार टाकून रेटत होता. साळू ओरडली, पण तिच्या पायांत उठायचं बळ नव्हतं. बाभळ वाकली. आणखी वाकली. एक फांदी चिरफाळली. आणि तेवढ्यात हत्ती आपण होऊनच थांबला.

त्याने चिरफाळलेली फांदी सोंडेत धरली, पिळली, मग तिचं टोक जिभेला लावलं. "साळूबाई," तो हळूच म्हणाला, "मी आजवर पुष्कळ झाडं पाडलीत. मेलेलं लाकूड कडकन मोडतं. ही मोडली नाही, वाकली. आणि ही ओली आहे."

"महिनाभर दुसरं काय सांगतेय मी?"

"तू सांगत होतीस. पण लाकडाने आज सांगितलं," हत्ती म्हणाला.

त्याने जाऊन रेड्याला हे सांगितलं. रेडा म्हणाला, "पाडणं हे तुझं काम. लाकडाचं ऐकत बसणं नाही." हत्तीने मान डोलावली. त्यानंतरही तो रोज सकाळी वेळेवर कामावर यायचा, बाभळीपाशी उभा राहायचा आणि माकड बघायला आलं की म्हणायचा, "काय करू, सोंड धरलीय." पावसाळा संपेपर्यंत त्याची सोंड धरलेलीच होती.

मग ऊन तापू लागलं. काठावरच्या झाडांची पानं पिवळी पडली आणि गळाली. आणि बाभळीच्या नागमोडी फांद्यांवर, त्या पांढऱ्या काट्यांच्या जोड्यांमधून, निळसर हिरवी पालवी फुटली. आठ दिवसांत झाड भरून गेलं. साळूने बाभळीखालच्या वाळूवर पंजा ठेवला. वाळू गार होती. ती तिथेच आडवी झाली आणि रडली. गोड बोलता येत नसलं म्हणून काय, रडता येत होतं.

आधी रेड्याच्या कळपातली रेडकं आली. साळूने सरकून जागा दिली. मग हरणं आली, ससे आले. दोन दिवसांनी रेडा स्वतः आला आणि उन्हातच थांबला. त्याला धाप लागली होती.

"या," साळू म्हणाली. "पण आधी तो पट्टा पुसा. ज्या शिंगाने ओढलात त्याच शिंगाने."

रेड्याने सगळ्यांदेखत शिंगाने वाळलेला चिखल खरवडून काढला आणि मान खाली घालून सावलीत आला. तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट. मलाही तसंच वाटलं असतं. पण लाजलेले पंच काय काय करतात ते ऐका.

तिसऱ्या दिवशी बाभळीच्या सावलीत सभा भरली. रेड्याने भाषण केलं. "आमची चूक झाली. यापुढे ही बाभळ सगळ्या झाडांची राणी. आणि पालवीपाहणी पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात होईल. खऱ्या झाडाला उन्हाळ्यात पान असतं, हे राणीने दाखवून दिलंय. ज्याला नसेल, ते मेलेलं!" सगळ्यांनी जयजयकार केला. माकडाने नवा नियम तिथल्या तिथे पाठ केला. "साळूबाईंचा विजय असो!" असंही कुणीतरी ओरडलं. रेडा शिंगं ओली करायला उठला. नदीत चिखल उरला नव्हता, तर त्याने थोडी माती उकरून तीत लाळ मिसळली आणि समोरच्या काठाकडे चालू लागला. तिथे एक गोरखचिंच उभी होती. फार जुनी, फार जाड, आणि उन्हाळा असल्यामुळे तिच्यावर औषधालासुद्धा पान नव्हतं.

साळू उठली. सावलीतून बाहेर पडली. नदीची वाळू पाय भाजत होती, तरी ती तुरुतुरु चालत रेड्याच्या पुढे गेली आणि गोरखचिंचेच्या बुंध्याला टेकून बसली.

रेडा बघतच राहिला. "अगं, हे तुझं झाड नाही! तुझं झाड तिकडे आहे. राणी केलंय आम्ही त्याला."

"म्हणून तर त्याला आता माझी गरज नाही," साळू म्हणाली.

"आम्ही तुझ्याच बाजूने नियम केलाय!"

"माझ्या बाजूने नको होता. जुन्या नियमाने माझं झाड मारलं असतंत, नव्या नियमाने बाकी सगळी माराल. काय फरक पडला? मेलेलं झाड जरूर पाडा, मी आड येणार नाही. पण आधी साल खरवडा. मूळ हुंगा. हत्तीला विचारा, तो लाकूड ओळखतो. एकेक झाडापाशी थांबा."

"एकेक झाडापाशी?" माकड किंचाळलं. "केवढा वेळ लागेल!"

"लागू दे. मला एका झाडाला चार महिने लागले."

रेडा उन्हात उभा राहिला. त्याच्या शिंगावरचा ओला चिखल सुकू लागला. मागून हत्ती सावकाश आला आणि साळूच्या शेजारी तापलेल्या वाळूवर मांडी ठोकून बसला. त्याच्यामागून तोंडात कंद धरून रानडुकरीण आली. शिंगावरचा चिखल वाळला, त्याच्या खपल्या पडल्या, आणि रेडा परत फिरला.

त्या उन्हाळ्यात काठावरचं एकही जिवंत झाड पडलं नाही. रेड्याला साळूचा राग अजून आहे. साळूला त्याचं काहीच वाटत नाही.

तात्पर्य : आपल्या झाडासाठी उभं राहणं कठीण असतं, पण आपलं झाड वाचल्यावर, लोक आपला जयजयकार करत असताना, सावली सोडून दुसऱ्याच्या झाडासाठी उन्हात जाऊन बसणं, ही खरी हिंमत.